बांध नसलेले गाव

आम्ही बी.ए.ला असताना गोल्डस्मिथची 'द डेझर्टेड व्हिलेज' ही कविता अभ्यासाला होती. शिकवणारे सर मोठे रसिक. ते डोळे मिटून ओळी म्हणत आणि आम्हां खेड्यातल्या पोरांना इंग्लंडमधील खेडे म्हणजे चर्चचा मनोरा, तळ्यातली बदके, हिरवळीवरची नाचगाणी असे काहीसे दिसू लागे. परीक्षेत 'ग्रामजीवनाचे रम्य चित्रण' असे लिहून आम्ही गुणही मिळवले. ते गाव ओसाड का पडले, हा प्रश्न मात्र वर्गात कोणी काढला नाही. कवितेच्या नावातच तो उभा होता, पण आम्हांला दिसला नाही.

त्याच काळात आमच्या घरी बांधाची फिर्याद चालू होती. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आण्णांच्या शेताला लागून ज्यांचे शेत, त्यांनी एका वर्षी नांगराची दोन तासे आमच्या अंगाला जास्त घातली. दोन तासे म्हणजे फार तर दीड हात जमीन. तेवढ्यासाठी सतरा वर्षे तारखा पडल्या. जमिनीच्या किमतीपेक्षा बसभाडे आणि वकिलाच्या कारकुनाचा चहा अधिक झाला असेल. निकाल लागला तेव्हा वादी-प्रतिवादी दोघेही थकले होते आणि ज्या आंब्याच्या झाडावरून भांडणाला खरे तोंड फुटले ते झाड वठून गेले होते.

ही घरगुती कहाणी येथे सांगण्याचे कारण असे की, पुढे मी इतिहासाचा अध्यापक झालो आणि ग्रंथालयाच्या एका धूळ खात पडलेल्या कपाटात ऑर्विन पतिपत्नींचे 'द ओपन फील्ड्स' हे १९३८ सालचे पुस्तक हाती लागले. ते सबंध पुस्तक लॅक्स्टन नावाच्या एका खेड्याच्या आधाराने उभे आहे. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, शेरवुडच्या जंगलापासून जवळच, काहीशे वस्तीचे हे गाव. मी ते पाहिलेले नाही, पाहण्याचा योगही आता दिसत नाही. पण गेली कित्येक वर्षे आमच्या गावाच्या बरोबरीने मी या गावाचा विचार करीत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की आपल्या विद्यार्थ्यांना इंग्लंडचे एकच खेडे शिकवायचे असेल तर गोल्डस्मिथच्या आधी लॅक्स्टन शिकवावे.

या गावचे वैशिष्ट्य एका वाक्यात सांगता येते. येथे मध्ययुगातील सामायिक शेतीची पद्धत अजून चालू आहे. गावाभोवती तीन मोठी राने आहेत. त्यांना वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड म्हणतात. प्रत्येक रानात कुंपण नाही, झाडांची ओळ नाही, आपल्या अर्थाने बांधही नाही. रान लांबट पट्ट्यांत विभागलेले आहे आणि एकेका शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही रानांत विखुरलेल्या आहेत. एका वर्षी एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पड. पुढच्या वर्षी फेरपालट. ज्या रानात गहू, तेथे सर्वांचाच गहू. एखाद्याला वाटले म्हणून त्याला आपल्या पट्टीत वेगळे काही पेरता येत नाही, कारण पूर्वी पीक निघाले की सबंध रान गावच्या गुराढोरांना चराईसाठी मोकळे होत असे. एकाचे पीक उभे राहिले तर साऱ्या गावाची गुरे अडून राहत.

सबंध इंग्लंडच्या मध्यभागात एके काळी हीच रीत होती. मग कुंपणे आली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने याकामी पाच हजारांवर कायदे केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीचा जवळजवळ पाचवा हिस्सा, सामायिकातून खाजगीत गेला. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना तुकडा मिळाला. ज्यांच्याकडे नुसती वहिवाट होती, एक गाय चारण्याची किंवा सरपण आणण्याची, त्यांतील बहुतेकांच्या हाती काही उरले नाही. गोल्डस्मिथचे गाव ओसाड पडले ते बड्या धनिकाने जमीन आपल्या घशात घातली म्हणून. आमच्या रसिक सरांनी एवढे एक वाक्य सांगितले असते तर वर्गातल्या निम्म्या पोरांना ती कविता आपली वाटली असती.

लॅक्स्टनचा लेखी इतिहास १०८६ च्या 'डूम्सडे' नोंदीपासून लागतो. विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर काढलेली ती जमाबंदी. त्यात हे गाव पूर्वी टोकी नावाच्या माणसाकडे होते आणि आता जॉफ्री अल्सेलिनकडे आहे असे नमूद आहे. टोकीचे पुढे काय झाले ते दप्तराला ठाऊक नाही. गावाच्या उत्तरेस मातीच्या टेकाडावर गढी होती, तिचा उंचवटा अजून आहे. शेरवुड जंगलाचे अधिकारी तेथे राहत. पण गढी, सरदार, घराणी यांत मी फार रमणार नाही. आपल्याकडे गावाचा इतिहास लिहायचा म्हटले की पाटलांच्या वाड्यापासून सुरुवात होते आणि वाड्याच्या पडक्या भिंतीपाशी संपते. लॅक्स्टनचे खरे धन १६३५ सालचा एक नकाशा आहे.

हा नकाशा मार्क पीअर्स नावाच्या मोजणीदाराने केला. आज तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. गावातील प्रत्येक घर, प्रत्येक परडे, आणि तिन्ही-चारी रानांतल्या दोन हजारांहून अधिक पट्ट्या त्यात एकेक करून काढलेल्या आहेत, सोबतच्या वहीत कोणाची कोणती हे लिहिलेले आहे. मोकळ्या जागांत नांगर धरलेली माणसे आहेत, कापणी चालली आहे, हरणांमागे शिकारी धावताहेत. पुस्तकातील त्याची प्रतिकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा आण्णांच्या फिर्यादीत आमच्या वकिलांनी कोर्टापुढे ठेवलेला चुरगळलेला कागद मला आठवला.

आणि येथे एक गंमत आहे. हा नकाशा ज्याने करवून घेतला तो गावचा तेव्हाचा मालक सर विल्यम कोर्टन. हा लंडनचा बडा व्यापारी, एका फ्लेमिश निर्वासिताचा मुलगा. बार्बाडोस बेटावर इंग्रजांची वसाहत वसवण्यामागे याचेच भांडवल होते. लॅक्स्टनची मोजणी झाली त्याच १६३५ च्या अखेरीस चार्ल्स राजाने ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता डावलून याच्या मंडळीला पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना दिला. त्यांची जहाजे १६३६ च्या अखेरीस गोव्याला होती. कोर्टन त्याच वर्षी वारला, पण त्याच्या नावाने चाललेल्या कंपनीने १६३८ मध्ये कारवारला वखार घातली. सोंद्याकडची मिरी तिला हवी होती. पुढे कारवारहून मलमलही जाऊ लागली आणि ती विणणारे हुबळीच्या बाजूचे विणकर होते. म्हणजे नॉटिंगहॅमशायरमधल्या शेतकऱ्याची पट्टी मोजणारा पैसा आणि आपल्या घाटाखाली मिरी तोलणारा पैसा एकाच पेढीचा. कारवारच्या सहलीला विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा समुद्राकडे पाठ करून हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. ते बिचारे ऐकूनही घेतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पट्ट्यांमध्ये बांध नाही, कुंपण नाही, मग लॅक्स्टनमध्ये दोन तासे आत घालणारा शेजारी नव्हता काय? होता, आजही असणार. तेथे त्याची व्यवस्था काय, हे पाहण्यासारखे आहे. गावाचे स्वतःचे न्यायालय आहे, त्याला 'कोर्ट लीट' म्हणतात. दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, गव्हाची पेरणी झाल्यावर, शेतकऱ्यांमधून नेमलेले पंच त्या वर्षीच्या गव्हाच्या रानात पायी उतरतात. पट्ट्यांच्या टोकाशी हद्द पाहतात, जेथे शंका तेथे नवे खुंट ठोकतात. कोणी रस्त्यावर नांगर घातला काय, कोणी मधल्या गवताळ तुकड्यात घुसला काय, हे पाहून यादी करतात. मग सगळे मिळून गावच्या 'डवकोट इन' या पबमध्ये जेवायला जातात. आठवड्याने त्याच पबमध्ये न्यायालय भरते. मालकाचा कारभारी अध्यक्ष असतो, बेलिफ पुकारा करतो, पंचांची यादी वाचली जाते, दंड होतो, आणि पुढच्या वर्षाच्या रानासाठी नवे पंच नेमले जातात. दंडाची रक्कम ऐकाल तर हसाल, इतकी ती किरकोळ असते. पण तो सगळ्या गावासमोर होतो. ज्याला आज दंड झाला तो पुढच्या वर्षी स्वतः पंच म्हणून खुंट ठोकायला जाऊ शकतो. मोकाट गुरे धरण्यासाठी गावाचा कोंडवाडा आहे आणि त्यावरचा माणूसही याच न्यायालयातून नेमला जातो.

रानांमधल्या ज्या ओलसर वा उताराच्या जागी नांगर चालत नाही तेथे गवत राखतात. त्याला ते 'साइक' म्हणतात. या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. शतकानुशतके नांगर न लागल्याने तेथे अशी रानफुले टिकली आहेत की आता त्या तुकड्यांना सरकारी संरक्षण आहे.

आण्णांची सतरा वर्षे आणि हा एक दिवस, यांची तुलना मनात येणारच. ती करताना मी स्वतःला एक सावधगिरीची सूचना देतो. इंग्रजांची माणसे शहाणी व आपली भांडखोर, असे यातून मुळीच निघत नाही. लॅक्स्टन टिकले ते गावकऱ्यांच्या पुण्याईने नव्हे. तेथेही काही भाग कुंपणात गेलाच. उरलेला वाचला याचे एक कारण असे सांगतात की गावातील दोन बडे जमीनदार, मॅन्व्हर्सचे अर्ल आणि स्कार्बरोचे अर्ल, यांचे वाटणीबाबत एकमत होईना. दोन सरदारांच्या भांडणात गरिबाचे रान वाचले, असे जगाच्या इतिहासात क्वचित घडते. पुढे अर्लनी पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या. १९५२ मध्ये मॅन्व्हर्स घराण्याने ही जमीन शेतकी मंत्रालयाला विकली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने, म्हणजे त्याच जुन्या घराण्याच्या वारसांनी, ती परत घेतली. शेतकरी कुळेच राहिले. १९७७ साली पार्लमेंटने अशी जुनी न्यायालये निकालात काढली, तेव्हा लॅक्स्टनच्या कोर्ट लीटला कायद्यात नाव घेऊन अपवाद करावा लागला. म्हणजे सरकारचा हात पाठीशी होता, हेही खरे.

आमचे अर्थशास्त्राचे सहकारी यावर म्हणतात, "सर, ते आता संग्रहालय झाले. प्रवासी बघायला जातात, त्यांच्यासाठी चाललंय." थोडेसे खरे आहे. परंतु पिकाला आणि दंडाला प्रवासी लागत नाहीत. याच सहकाऱ्यांच्या विषयात गॅरेट हार्डिनचा १९६८ चा निबंध शिकवतात. सामायिक कुरण असले की प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो आणि अखेर कुरण उजाड होते, असा त्याचा सिद्धान्त. विद्यार्थी तो पाठ करतात आणि गायरान म्हणजे नष्ट व्हायचीच वस्तू असे समजून बाहेर पडतात. हार्डिनच्या कुरणाला पंच नव्हते, खुंट नव्हते, कोंडवाडा नव्हता. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरची उदाहरणे घेऊन दाखवले की जेथे वापरणाऱ्यांनीच नियम केले, आपसांत देखरेख ठेवली आणि दंड हलका पण नक्की ठेवला, तेथे सामायिक मालमत्ता पिढ्यान् पिढ्या टिकल्या. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या अभ्यासक्रमात हार्डिन राहिला, बाई अजून आलेल्या नाहीत.

दुसरी एक चूक आपल्या लोकांकडून होते. ती उलट बाजूची. १८३० मध्ये मेटकाफने हिंदी खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. पुढे सर हेन्री मेन, जो कलकत्त्यास कायदेमंत्री होता, त्याने १८७१ मध्ये पूर्व-पश्चिमेच्या ग्रामसंस्थांवर पुस्तक लिहिले आणि इंग्लंडमध्ये जे मेले ते हिंदुस्थानात जिवंत आहे असे दाखवले. आपल्याला हे ऐकून गुदगुल्या झाल्या. पण त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला, तो वाचावा. महसुली कामात गावोगाव फिरलेल्या या माणसाला प्रजासत्ताक कोठे दिसले नाही. त्यांना गाडा दिसला, त्याखाली चिरडलेली माणसे दिसली. लॅक्स्टनमध्येही १६३५ च्या नकाशात झोपडीवाले आहेत, ज्यांच्या नावावर पट्टी नाही. सामायिक म्हणजे सर्वांचे, असे तेथेही नव्हते आणि आपल्याकडे तर नव्हतेच. आमच्या गावच्या गायरानात कोणाची गुरे विहिरीजवळ जाऊ शकत आणि कोणाची नाही, हे मी लहानपणी पाहिले आहे.

मेन ज्या काळाबद्दल लिहीत होता त्यातील दोन साले शेजारी ठेवून पाहावीत. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये कुंपणांचे काम सोपे करणारा सर्वसाधारण कायदा झाला. १८४७ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीची पद्धत मुंबई इलाख्यासाठी संयुक्त अहवालाने कायम झाली. आपल्या शिवारात सर्व्हे नंबर पडले आणि हद्दीचे दगड बसले ते तिच्या पोटी. दगड सरकारने बसवला, सरकारने मोजला आणि सरकारच्याच दप्तरात त्याची नोंद राहिली. गावाने दर वर्षी शिवारात जाऊन तो पाहावा, ही सोय त्यात नव्हती. तेव्हापासून हद्द म्हणजे कचेरी. आण्णांची सतरा वर्षे माझ्या मते तेथून सुरू होतात.

गायरानाचे तर त्याहून वाईट झाले. खाजगी बांधाला निदान भांडणारे दोघे असतात. गायरानाला कोणीच नसतो. आमच्या गावचे गायरान मी शाळेत असताना डोंगराच्या पायथ्यापर्यंत होते. आज त्यात काही घरे, एक वीटभट्टी, एका संस्थेचा फलक आणि बाकी बाभळी आहेत. कानडी विभागातील माझे मित्र म्हणतात की त्यांच्या कागदात 'गोमाळ' लिहितात, पण त्यांच्या गावची माणसेही बोलताना गायराणच म्हणतात, आणि हकीकत अक्षरशः हीच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याच्या योजना करा असे सर्व राज्यांना बजावले. त्यानंतर आमच्या चावडीवर एक नोटीस लागल्याचे मला आठवते. ती पावसात भिजली.

म्हणून माझे म्हणणे असे. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी कोठल्यातरी गावी जाते. मुले रस्ता झाडतात, शोषखड्डा खणतात, शेवटच्या रात्री करमणुकीचा कार्यक्रम करतात. यात वाईट काही नाही. परंतु एका वर्षी शिबिराने गावाची शिवारफेरी करावी. भूमापन कचेरीतून गावनकाशा काढावा, मराठी आणि कानडी दोन्ही विभागांची मुले बरोबर असावीत, म्हणजे जुने मोडी-मराठी आणि नवे कानडी कागद दोन्ही लागतील. गावातील म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः गुराख्यांना आणि बायकांना, बरोबर घेऊन गायरानाच्या हद्दीवरून चालावे. जे दगड सापडतील त्यांना चुना लावावा आणि काय सापडले ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. कोणाला दंड करण्याचा अधिकार आपल्याला नाही. यादी वाचण्याचा तर आहे.

हे दुसऱ्याच्या गावी करायला सांगणे सोपे, म्हणून मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावापासून सुरुवात केली. नकाशाची प्रत मिळवायला तीन खेपा झाल्या. गावातील एक वयस्कर गुराखी बरोबर आले. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता आणि मला शिवार वाचता येत नव्हते, त्यामुळे आमचे बरे जमले. गायरानाच्या चार कोपऱ्यांपैकी तीन दगड सापडले, एक करवंदीच्या जाळीत, एक ओढ्यात आडवा पडलेला, एक जागच्या जागी. चौथ्यापाशी ते थांबले आणि काही बोलेनात. नकाशाप्रमाणे तो एका गोठ्याच्या भिंतीखाली येतो. गोठा आमच्या थोरल्या चुलत्यांचा आहे. ग्रामसभा येत्या महिन्यात आहे आणि यादीत त्यांचे नाव मी घातले आहे. आण्णांना अजून सांगितलेले नाही.